मुलुंड लोकलमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलंच, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. स्लो लोकल, लेडीज डबा. मी उभ्याउभ्या सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या माझ्या प्रोग्रामची प्रिंटआउट वाचत होते. विक्रोळीला तुम्ही सरकून चौथी सीट दिलीत आणि म्हणालात, "सी ना गं? कुठे अडलंय?"

महिनाभर नीट चाललेला प्रोग्राम. आउटपुट सुटसुटीत दिसावं म्हणून मी प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमधला 'शाखा:' एवढा शब्द काढला आणि सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्राम मध्येच बंद! दोन रात्री त्या एका शब्दापायी जागून काढल्या होत्या. तुम्ही थेट त्या ओळीवर बोट ठेवलंत. जीलिबसी या सीच्या लायब्ररीतल्या प्रिंटएफला नल, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, मिळाला तर तो कंसात 'नल' छापून पुढे जातो. पण फॉरमॅटमध्ये नुसती स्ट्रिंग (मजकूर) आणि नवी ओळ एवढंच उरलं, की जीसीसी हा कंपायलर तिथे परस्पर पुट्स हे दुसरं छापणारं फंक्शन घालतो, आणि पुट्स नलवर कोसळतो. म्हणजे चूक महिनाभर होतीच. हजारो ओळींत कंसातला तो 'नल' माझ्या नजरेला पडला नव्हता, इतकंच.

मग मागे मागे जात घाटकोपर यायच्या आत मूळ सापडलं. स्ट्रचर (अक्षर शोधणारं फंक्शन) माहितीच्या प्रत्येक ओळीत स्वल्पविराम शोधत होता, एका ओळीत तो नव्हताच, म्हणून त्याने नल परत केला. मी तो न तपासता पुढे ढकलला.

प्रिंटआउटच्या मागे तुम्ही एक चौकोन काढून त्यात शून्याचा बाइट लिहिलात: ही रिकामी स्ट्रिंग. शेजारी काहीच काढलं नाहीत: हा नल. पाच वर्षं सी लिहूनही हा फरक मला असा कधी दिसला नव्हता.

मी म्हटलं, स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनभोवती फंक्शन गुंडाळते, नल आला की शून्य देईन. तुम्ही विचारलंत, "आणि शाखा नसलेली ओळ तशीच हिशोबात गेली, तर कुणाला कळणार?" याच प्रश्नासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. उतरता उतरता हेही सांगितलंत, की तपासणी स्ट्रलेनच्या आधी हवी. नलवर स्ट्रलेन काय करेल याची सीच्या स्टँडर्डमध्ये हमीच नाही, त्यामुळे नंतर लिहिलेला तपासणीचा इफ कंपायलर काढूनही टाकू शकतो.

आता स्वल्पविराम नसेल तर प्रोग्राम ओळीचा नंबर सांगून थांबतो. पहिल्याच दिवशी अशा तीन ओळी निघाल्या.

तो कागद माझ्या पासच्या कव्हरमध्ये आहे. पुन्हा भेटलात तर चौथी सीट माझ्याकडून.

तुमची,
दादरला उतरणारी