विषय: वेलींसह टेरारियम संच. जाळी अपुरी, भिंत गुळगुळीत, तक्रार परस्पर बंद

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमचा ४५×४५×६० सेंटिमीटरचा संच, म्हणजे माझ्या पाळीव पालीसाठी घेतलेली, आत झाडं लावायची काचेची पेटी. बिल आणि फोटो जोडले आहेत. यापूर्वीही तीनदा जोडले होते.

आधी जाळी. पेटीचा तळ ४५ बाय ४५ आणि लेका बॉल्सवर (पाणी निचरायला तळाशी घालायच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्यांवर) अंथरायची जाळी ३० बाय ३०. मधोमध ठेवली तरी चारही बाजूंनी साडेसात सेंटिमीटर उघडं राहतं. तिथून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खाली उतरतं, गोळ्यांमधली पोकळी बुजते आणि तळाशी साचलेलं पाणी वातीसारखं वर चढतं. त्यात पत्रकातल्या चित्रात गोळ्यांचा थर ५ सेंटिमीटर, पिशवीतले गोळे पसरले की जेमतेम २. तीन आठवड्यांत सडक्या अंड्याचा वास सुटला. मनीप्लांट उपटला तर मुळांची साल मोज्यासारखी सुटून हातात आली, आत नुसता दोरा.

आता तुमची ‘वेलींची भिंत’. संचातली वेल, फायकस प्युमिला, चढते ती खोडाला फुटणाऱ्या बारीक मुळांवर. त्यांना खडबडीत आणि ओलसर जागा लागते: कॉर्कची साल, नाहीतर काथ्याची पाटी. तुम्ही दिलाय फोम, वरून चकचकीत पॉलिश. फवारलेलं पाणी ओघळून जातं, मुळांची टोकं वाळतात, वेल नुसती लोंबते. माझी चाळीस ग्रॅमची पाल, म्हणजे गेको, चढली की वेल अख्खी खाली. ही भिंत वेलींची आहे हे वेलींना कोणी कळवलेलं दिसत नाही.

‘रोपाभोवतीची माती हलवू नये’ असं पत्रकात ठळक छापलंय. त्याच मातीत रासायनिक खताचे पिवळट मणी आहेत. नर्सरीतलं रोप पेटीत लावण्याआधी मुळं धुऊन, स्वच्छ मिश्रणात महिनाभर वेगळं ठेवायचं असतं, कारण आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असेल तर ते रोपातच मुरलेलं असतं. संचातले स्प्रिंगटेल (मातीतली बुरशी खाणारे बारीक किडे) आठ दिवसांत नाहीसे झाले. रोपांवर काय मारलं होतं, ते लेखी कळवा.

खोक्यावर ‘सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी सुरक्षित’. अळू खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटमुळे, तेच मनीप्लांटच्या पानात असतं. क्रेस्टेड गेको पानं खात नाही म्हणून निभावलं. इग्वाना पालाच खातो.

आणि परवाचा तो फोन.

“सर, पेटीत काय आहे?”
“क्रेस्टेड गेको.”
“म्हणजे?”
“पालीची एक जात.”
दोन मिनिटं बासरी. मग, “सर, पाल आत शिरली असेल तर आपल्याकडे स्प्रे आहे. दहा टक्के सवलतीत पाठवू का?”
पाल आतच असायला हवी, पेटी तिच्यासाठीच आहे, असं समजावलं.
“मग सर, झाडं बाहेर काढून ठेवा ना.”
आणि जाळी?
“जाळी जरा ओढून बसवा.”

पंधरा सेंटिमीटर ओढून! फायबरची जाळी आहे, लग्नाच्या मांडवाचं कापड नाही. टेरारियम विकणाऱ्या कंपनीने पाल मारायचा स्प्रे सुचवावा? फोन ठेवायच्या आत मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.’ कोणाचं समाधान झालं तेवढं सांगा.

पेटीची काच, बिजागऱ्या, कुलूप उत्तम आहे. म्हणूनच चीड जास्त येते. हजारोंची काच बनवता आणि वीतभर जाळीत काटकसर करता.

मला हवं ते असं: पूर्ण मापाची जाळी, ५ सेंटिमीटर थर भरेल एवढे गोळे, कॉर्कची किंवा काथ्याची पाटी, कीटकनाशक न मारलेली रोपं. नाहीतर संच घेऊन जा आणि पूर्ण पैसे परत करा. पंधरा दिवसांत झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, तेव्हा मी कंटाळून गप्प बसेन या भरवशावर राहू नका.

जाळी ४५ बाय ४५. पुन्हा ३० ची पाठवू नका. आणि स्प्रे नको.

तुमचा (अजून तरी) ग्राहक