विषय: आरोग्य विम्याचं कव्हर 10 लाख करायचं की 25, एवढंच विचारलं होतं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय, कारण परत फोन केला तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही.

आमची तुमच्याकडे 5 लाखांची फॅमिली फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर: मी, आमचे हे आणि मुलगा. रिन्यूअल डिसेंबरात. हॉस्पिटलांची बिलं बघता कव्हर वाढवायचं ठरवलं, म्हणून तुमच्या वेबसाईटवरच्या प्रीमियम कॅलक्युलेटरमध्ये वयं टाकली, नाशिकचा पिनकोड टाकला. उत्तर आलं: 10 लाखांना वर्षाला 24,700 आणि 25 लाखांना 29,900. मी म्हटलं छान, 15 लाख जास्तीचे आणि फरक फक्त 5,200, विचार करण्यासारखं आहे. मग पुढचं बटण दाबलं, फॉर्म भरला, आणि 10 लाखांचं जे कोटेशन पीडीएफमध्ये आलं ते 33,100. माणसं तीच, पिनकोड तोच, फक्त बटण पुढचं.

हे 8,400 कुठून आले ते तुमच्यातल्या एकानेही सांगितलं नाही, "सिस्टीम जनरेटेड आहे मॅडम" एवढंच. शेवटी मीच उलगडलं. कॅलक्युलेटर आजचं वय धरतो, पॉलिसी सुरू होईल त्या तारखेचं नाही, आणि तोवर ह्यांना 51 पूर्ण होतात, फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर आणि वरचा वयोगट 51 पासून, म्हणजे तिथे 4,100 वाढले. 2,300 रायडरचे, म्हणजे वरून जोडायच्या जास्तीच्या कव्हरचे, ज्यांच्यावर तुम्ही आधीच टिक करून ठेवली होती, हातमोजे-सिरिंजचं कव्हर वगैरे, मी मागितलेलं नव्हतं. आणि राहिलेले 2,000 म्हणजे कॅलक्युलेटरमधला दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यावर मिळणाऱ्या डिस्काउंटचा होता, तो भागून वर्षाचा म्हणून मोठ्या अक्षरात दाखवलाय. रिन्यूअलची तारीख तुमच्याकडे आहे, जन्मतारखा तुमच्याकडे आहेत, तरी तुमच्याच जुन्या गिऱ्हाइकाला खरा आकडा दाखवता येत नाही? आणि वर बॅनर, जीएसटी शून्य, आता बचतच बचत. अहो तो 22 सप्टेंबर 2025 पासून सरकारने शून्य केलाय, तुम्ही काय केलंय ते सांगा.

पण पैशापेक्षा ज्याचा संताप आलाय ते आजच्या फोनबद्दल आहे.

मी विचारलं, 5 लाखांच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा कव्हरच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला 5,000, ती 10 लाखांच्या आणि 25 लाखांच्या प्लॅनमध्ये कशी आहे, कारण कॅलक्युलेटरवर ते कुठेच दिसत नाही आणि मला कव्हर त्यावरूनच ठरवायचंय. तुमचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रूम रेंटचं एवढं टेन्शन घेऊ नका, रूम 8,000 ची घेतली तर वरचे 3,000 तेवढे तुम्ही भरायचे, चार दिवसांचे 12,000, बस." मी म्हटलं, नाही, बस नाही. रूम 8,000 ची घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं तुम्ही त्याच प्रमाणात कापता, आठातले पाच देता. ते खर्च 2,40,000 झाले तर तुम्ही देणार 1,50,000, म्हणजे 90,000 आमच्या खिशातून आणि ते 12,000 वेगळे. औषधं आणि इम्प्लांट त्या कपातीत धरत नाहीत, तेही मला माहीत आहे. बरोबर आहे का सांगा.

तिकडे शांतता. कीबोर्डचा आवाज. होल्डवरचं म्युझिक. मग परत आला आणि मला म्हणतो, "मॅडम, हे थोडं टेक्निकल आहे. घरात सर आहेत का? सरांना फोन द्या ना, मी त्यांना व्यवस्थित समजावतो."

सरांना फोन द्या.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. दिवसभर माणसांना व्याज, हप्ता आणि शिल्लक समजावून सांगते, आणि एखाद्याला हप्ता 4,000 सांगून सहीच्या वेळी 5,400 केला तर तो आमच्या संचालकांच्या घरासमोर जाऊन बसेल आणि बरोबरच करेल. पॉलिसीची प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारी, मी आहे, प्रीमियम माझ्या खात्यातून जातो, फोन माझ्या रजिस्टर्ड नंबरवरून होता आणि त्याने सुरुवातीला माझीच जन्मतारीख विचारून खात्री करून घेतली होती. सर बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते, पॉलिसीची फाईल कुठल्या कपाटात आहे हेही सरांना ठाऊक नाही. गणित माझं बरोबर, त्याचं चूक, आणि समजावणार कोणाला तर सरांना! मी त्याला म्हटलं तू आधी तुझ्या सीनियरला समजाव, तर म्हणतो, "मॅडम रागावू नका, 5 लाखांत आजकाल काही होत नाही, फॅमिलीच्या सेफ्टीपुढे चार पैसे बघू नका." भीती घालायचं ट्रेनिंग मात्र चोख दिलंय तुम्ही. 5 लाखांचं कव्हर महात्मा फुले योजनेतही आहे, त्याच्या वरचं काय मिळतं ते कळावं म्हणूनच तर तुम्हाला विचारत होते.

अजून एक. नाशिकच्या पिनकोडला तुमचा झोन स्वस्तातला आहे, छान. पण पीडीएफच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की मुंबईत उपचार घेतले तर 20 टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा आमचा. नाशिकचा माणूस मोठं दुखणं निघालं की कुठे जातो? कॅन्सर म्हटलं की पहिलं नाव परळच्या टाटाचं निघतं. मग 8 लाखांच्या बिलात 1,60,000 आमचे. हे कॅलक्युलेटरवर 24,700 च्या शेजारी लिहायला जागा नव्हती, जीएसटीच्या बॅनरला होती.

आणि वाढवलेल्या कव्हरवर वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या दुखण्यांना क्लेम न मिळण्याचा काळ, नव्याने सुरू होतो हेही कोणी स्वतःहून सांगितलं नाही. ह्यांना शुगर आहे, ती तुमच्याकडे नोंदवलेली आहे. म्हणजे 25 लाखांचा प्रीमियम आजपासून आणि शुगरमधून आलेल्या दुखण्याला वरचे 20 लाख तीन वर्षांनी. सुपर टॉप-अपचं विचारलं, 5 लाख आहे तसं ठेवून वरचं वेगळं घेतलं तर काय पडेल, तर "आपल्याकडे असा प्लॅन नाही". तुमच्याच वेबसाईटवर आहे. दुसऱ्या टॅबमध्ये उघडा होता माझ्यासमोर.

वाईट याचं वाटतं की सासऱ्यांच्या हर्नियाच्या वेळी तुमच्या माणसाने हॉस्पिटलमध्ये येऊन कॅशलेसचं सगळं केलं होतं, म्हणून मी ऑफिसात निम्म्या लोकांना तुमचंच नाव सांगितलं. आता तेच लोक विचारतात, कव्हर वाढवलं का. काय सांगू, सरांना विचारते म्हणून?

मला लेखी हवंय: 10 आणि 25 लाखांचे डिसेंबरच्या तारखेचे, एका वर्षाचे, रायडर न लावलेले प्रीमियम, दोन्हींतली रूम रेंटची अट, मुंबईचा को-पे काढायचा तर किती जास्त पडेल, आणि सुपर टॉप-अपचा दर. सोबत दोन्ही प्लॅनची कस्टमर इन्फर्मेशन शीट, म्हणजे पॉलिसीच्या अटी थोडक्यात सांगणारा कागद, मराठीत द्या, मागितली तर स्थानिक भाषेत द्यावी लागते. आणि आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐका. "प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे" असं दर वेळी ऐकवता ना, मग करा प्रशिक्षण.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाकणार आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार वेगळा चालूच आहे, जुन्या 5 लाखांवर पूर्ण झालेलं वेटिंग सोबत येतं, तुम्ही काही अडवू शकत नाही.

कॅलक्युलेटरचे स्क्रीनशॉट आणि तुमचं कोटेशन जोडलंय. तुमचं पोर्टल 2 एमबीच्या वर फाईल घेत नाही, त्यामुळे कोटेशन दुसऱ्या ईमेलने येतंय, "अपूर्ण कागदपत्रं" म्हणून तक्रार बंद करू नका.