ट्रेकच्या यादीत परतीची लोकलपण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांमधे ‘मुंबईजवळचे दहा ट्रेक’ टाइप यादी येतेच. यंदा तुमच्याकडेही आली, आणि उघडून बघितलं तर परत तेच, कलावंतीण, लोहगड, हरिहर, देवकुंड. हरिहर त्र्यंबकेश्वरच्या बाजूला आहे हो, ते मुंबईजवळ कधी आलं? आणि देवकुंडच्या धबधब्याला तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदीच असते. फोटो झकास, ढगबिग सगळं, पण पायऱ्यांवरची रांग त्या फोटोत येत नाही आणि घरी परत कसं यायचं तेही कुठे लिहिलेलं नसतं. आम्ही सेंट्रल रेल्वेवाले, आमचा ट्रेक टाइमटेबल बघून ठरतो, म्हणून म्हटलं लिहावंच.

पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याचंच घ्या. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, बाजूला दरी, धरायला काही नाही, पावसात वर शेवाळ, आणि त्याच चिंचोळ्या वाटेने चढणारे आणि उतरणारे दोघं, त्यात कुणीतरी मधेच थांबून रील काढतंय. एवढं करून वर पोचलं तर जुलैमधे पांढरं धुकं सोडून काही दिसत नाही. तेच डिसेंबरात जा, समोर प्रबळगड, पलीकडे इर्शाळगड, माथेरानची धार, सगळं स्वच्छ. म्हणजे जागा चांगलीच आहे, महिना चुकतो. लोहगडचंही तेच, 2025 मधे युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले त्यात तो आहे, त्यामुळे गर्दी अजूनच वाढणार, पण त्याच मळवली स्टेशनला उतरून समोरच्या विसापूरला जाता येतं हे फार कुणी सांगत नाही. मात्र विसापूरच्या पायऱ्यांच्या वाटेवरून भर पावसात ओढा वाहतो, तेव्हा तोही थंडीतलाच.

माझं मत विचाराल तर एका दिवसासाठी माहुली. कसारा नाहीतर आसनगाव लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं, रिक्षा करून माहुली गावात. ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक, 2800 फुटांच्या आसपास, आणि आपण सुरुवात जवळजवळ समुद्राच्या लेव्हलवरूनच करतो त्यामुळे चढ अंगावर येतो, दमट हवेत तर घामाच्या धारा लागतात. शेवटी लोखंडी शिडी आहे, ओली असली की तिच्यावर बूट सरकतो, एक जण पूर्ण वर गेल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवू नये. शहाजीराजे निजामशाहीच्या शेवटच्या काळात जिजाऊ आणि लहानग्या शिवबांना घेऊन इथेच आश्रयाला होते, हे वर बसून आठवलं की त्या सुळक्यांकडे बघायची नजरच बदलते. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. आणि सकाळच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, संध्याकाळी त्या गावात रिक्षा मिळेलच असं नाही, आणि कसारा लाइनला एक गाडी चुकली की पुढची कधी ते आमच्यासारख्यांना विचारा!

वेस्टर्नवाल्यांना सफाळ्याहून तांदूळवाडी आहे, वरून वैतरणा आणि सूर्येचं पात्र दिसतं, चढही आटोपशीर. भिवपुरी रोडहून गारबेट पॉइंटला चढून माथेरानमधून दस्तुरीला बाहेर पडायचं आणि शेअर टॅक्सीने नेरळ, म्हणजे आल्या वाटेने परत उतरायला नको. सोनकीची पिवळी फुलं फुलतात तेव्हा, सप्टेंबरात, जा. कर्नाळ्याला सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, आरडाओरडा, सेंट काही नको. आई-बाबा आणि पोरं बरोबर असतील तर सरळ बोरिवलीचं कान्हेरी, शंभराच्या वर लेणी आहेत, दिवस कमी पडतो, फक्त सोमवारी पार्क बंद असतो.

आणि धो-धो पाऊस झाला असेल तर ठरलेला ट्रेक रद्द करायचा, पैसे भरलेत म्हणून जायचं नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. ज्या वाडीत ट्रेकवाले चहा प्यायचे ती वाडीच गेली. तेव्हा सगळ्यांनी बातम्या वाचल्या, हळहळले, आणि आज परत रेड अलर्टच्या दिवशी बॅचेस निघतात, ‘पुढच्या वेळी डिस्काउंट देऊ’ असं सांगून ट्रेक कॅन्सल करणारा आयोजक कुणी दिसत नाही.

तर विनंती अशी की यादी छापाच, पण प्रत्येक नावापुढे स्टेशन, परतीची शेवटची सोयीची लोकल, वर पाणी आहे का, कुठल्या महिन्यात जावं, वनखात्याची फी किंवा परवानगी लागते का, एवढं टाका. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश आतल्या पानावर चार ओळीत येतात ते त्या यादीखालीच द्या. आणि रविवारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक तुम्ही छापताच, तेही त्याच पानावर आणा, म्हणजे संध्याकाळी चिखलाचे बूट घालून आसनगावच्या फलाटावर बसलेल्यांना ते आदल्या दिवशीच कळलेलं असेल.

कळावे,
तुमची नेहमीची वाचक, डोंबिवली (पूर्व)