शर्यतीची कादंबरी फुटाळ्यावर नको, ट्रॅकवर घडू द्या

मा. संपादक यांस,

कुमारांच्या गोष्टीत मोटारसायकलची शर्यत आली, की ती हमखास रस्त्यावर लागते. रात्रीचा नागपूरचा फुटाळा तलाव किंवा रिकामा रिंग रोड, मित्रांची पैज, पुढचं चाक हवेत उचललेला नायक आणि शेवटी थ्रॉटल (वेग वाढवणारी हँडलची मूठ) पिळून मिळवलेला विजय. हे वाचणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हाताशी बरेचदा घरची गाडी असते. म्हणून लेखकांना आणि आपल्या पुरवणीच्या संपादकांना कळकळीची विनंती: नायकाला रस्त्यावर जिंकवू नका. त्याला ट्रॅकवर न्या, आणि ट्रॅक खरा लिहा.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम 199अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेवटच्या पानावर पोराची पाठ थोपटणारा बाप रंगवताना एवढं तरी लक्षात असावं.

ट्रॅक नागपूरहून लांब आहेत, हे खरं. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे 2.1 किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 चा, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5 च्या आसपास. कुठेही जायचं तर हजारेक किलोमीटरचा प्रवास. पण गोष्ट तिथेच तर सुरू होते! नागपूर स्टेशनचं पार्सल ऑफिस, रिकामी केलेली पेट्रोलची टाकी, गोणपाटात गुंडाळलेलं हँडल, आरसी बुकाची झेरॉक्स, आणि तामिळनाडू एक्स्प्रेसची वाट पाहणारी सोळा वर्षांची मुलगी. मुलगीच का, असं कुणी विचारू नये. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने 2019 मध्ये एफआयएम या जागतिक मोटारसायकल संघटनेच्या बाहा (वाळवंटी, खडकाळ वाटांवरच्या रॅलीच्या) विश्वचषकात महिला गट जिंकला आहे.

ट्रॅकवर पोचल्यावर पहिला अडसर प्रतिस्पर्धी नसतो, तपासणी असते. आरसे, हेडलाइट, इंडिकेटर, स्टँड काढलेले हवेत. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला आणि ऑइल फिल्टरला स्टीलची बारीक तार पिळून बांधलेली हवी, कारण थरथरीने बोल्ट सुटला तर ते तेल मागून येणाऱ्या दहा जणांच्या टायरखाली जातं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकोल सांडलं की डांबर निसरडं होतं आणि लवकर सुकत नाही. वीतभर तारेपायी नायिकेची सकाळची फेरी हुकली, तर त्या प्रकरणाला खलनायकाची गरजच पडणार नाही.

मग स्प्रॉकेटचं, म्हणजे साखळी फिरते त्या दातेरी चकत्यांचं गणित. पुढे 15 दाते, मागे 45, म्हणजे गुणोत्तर 3. पुढचा 14 चा बसवला की ते 3.21 होतं. वळणातून निघताना गाडी झपकन उचलते, पण तेवढ्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) वेग सुमारे 7 टक्क्यांनी कमी मिळतो. मागचा 48 चा लावला तरी जवळपास तोच परिणाम, म्हणून मिस्त्री म्हणतात, पुढचा एक दात म्हणजे मागचे तीन. करीसारख्या छोट्या ट्रॅकवर हा सौदा परवडतो, लांब सरळ पट्ट्यावर अंगाशी येतो. पुढचा दात कमी केल्यावर साखळी सैल पडते. ती आवळताना जास्त ताणली, तर सस्पेन्शन दबताना आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग मरतं. बहुतेक गाड्यांना 25 ते 30 मिलिमीटर ढील लागते.

टायरची हवा तर नागपूरकर लेखकाने चुकवूच नये. 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेल्या टायरमधली हवा 10 अंशांनी तापली, की दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो. सकाळी 28 अंशांना भरलेली हवा फेऱ्या मारून 68 अंशांवर गेली, तर 6 पीएसआय वाढले. टायर फुगतो, जमिनीला कमी टेकतो, पकड जाते. ऊन माणसालाही सोडत नाही. सप्टेंबर 2023 च्या भारतातल्या मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल स्पर्धेतल्या शर्यतीच्या फेऱ्या उकाड्यामुळे 24 वरून 21 केल्या होत्या.

सर्वांत जास्त चुकतं ते पडण्याचं वर्णन. गोष्टीत नायक तोल जाऊन पडतो. ट्रॅकवर टायरची पकड सुटते, आणि कोणत्या चाकाची, कधी सुटली यावर पुढचं सारं ठरतं. वळणात गाडी झोपलेली असताना पुढचा ब्रेक जास्त लागला, की पुढचं चाक आत दुमडतं, गाडी आडवी होते आणि चालक तिच्या मागोमाग घसरत जातो. हा लो-साइड. यातून बहुधा अंग झटकून उठता येतं. हाय-साइड मात्र भयंकर. वळणातून निघताना थ्रॉटल घाईने उघडला, मागचं चाक बाहेर सरकलं, घाबरून थ्रॉटल एकदम सोडला आणि त्याच क्षणी टायरने डांबर पुन्हा धरलं. तिरकं चाललेलं चाक हिसक्याने सरळ होतं, सस्पेन्शन उसळतं आणि गाडी चालकाला वरून पलीकडे भिरकावते. मनगटं आणि कॉलर बोन मोडतात ते असे. घाबरून सोडलेला थ्रॉटल हे कारण लिहिलं, तर नायिकेचा स्वभावही त्याच वाक्यात कळतो.

पुढचं चाक उचलून कुणी शर्यत जिंकत नाही. चाक उचललं की थ्रॉटल कमी करावा लागतो, वेळ जातो. मित्र पडलेला असताना त्याच्या बाजूने ओव्हरटेक करून जिंकणंही होत नाही. तिथे पिवळा झेंडा हलत असतो आणि त्या टापूत पुढे काढणाऱ्याला शिक्षा होते. आणि वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी बाजू पुढे रेटतात, उजवी नाही.

ट्रॅकवरही जीव जातो, ते लपवू नये. विश्वस्तरावरच्या ग्रांप्री शर्यतींत 2023 पासून किमान वय सर्वसाधारणपणे 18 केलं आहे, ते उगाच नाही. एकसंध चामडी सूट, पाठीचं कवच, दोन कड्यांतून पट्टा ओवून बांधायचं हेल्मेट, हे सारं नायिका अंगावर चढवते तो परिच्छेद गाळू नका, रेंगाळून लिहा.

आपल्या पुरवणीत अशी कथा छापायची असेल, तर आधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला वाचून दाखवावी. तो जिथे थांबवेल, तिथे लाल खूण करावी.

आपले,
दुचाकीच्या कामातले काही वाचक, नागपूर