नोकरी की मैफल? मुलीच्या प्रश्नाला उत्तर

परभणी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नांदेडच्या महाविद्यालयात व्हायोलिन शिकवण्याची नोकरी स्वीकारावी की पुण्यात राहून फक्त मैफलींवर उभे राहावे, या तुझ्या प्रश्नावर आईचे आणि माझे पुष्कळ बोलणे झाले. माझे मत विचारशील तर नोकरी घे, आणि ती घेतल्याने आपण वादक म्हणून उणे ठरलो असे क्षणभरही मनात आणू नकोस.

हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला मानाची जागा ज्यांनी मिळवून दिली, त्यांची आयुष्ये पाहा. गजाननबुवा जोशी स्वतः गायक आणि व्हायोलिनवादक होते, तरी उल्हास कशाळकरांसारखे शिष्य घडवण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही. १९२२ साली जन्मलेल्या व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगांनी आकाशवाणीत नोकरी केली आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबर त्यांच्या जुगलबंद्याही गाजल्या. एन. राजम यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात कित्येक वर्षे अध्यापन केले, आणि गायकी अंगाचे, म्हणजे गळ्यातल्या गाण्यासारखे, त्यांचे व्हायोलिनवादन देशभर पोहोचले तेही त्याच वर्षांत.

शिकवण्याने वादन कसे वाढते, हे तुझ्या वाद्यावर फार स्पष्ट दिसते. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, सुराची जागा बोटानेच शोधावी लागते. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे संथ झुलता, कोमल गंधार आणि भीमपलासी रागातला कोमल गंधार यांतला फरक तुझे बोट आता न विचारता दाखवते, पण समोरच्या दहा वर्षांच्या मुलाला तो समजावताना ऋषभावरून बोट किती सावकाश सरकवायचे, त्या वेळी गजाचा दाब कुठे हलका करायचा, हे तुला स्वतःच्या हातात पुन्हा तपासावे लागेल. ही तपासणी मैफलीत कामी येते, असे माझे ठाम मत आहे.

धोकाही तितकाच खरा आहे. दिवसभर विद्यार्थ्यांची वाद्ये सुरात लावून देताना आणि त्यांचे कच्चे सूर ऐकताना कान शिणतो, आणि संध्याकाळी आपले वाद्य पेटीतून काढावेसे वाटत नाही. म्हणून सकाळचा रियाझ कोणत्याही कारणाने सोडू नकोस. खर्जाच्या तारेवर लांब गज ओढताना सुरुवातीपासून टोकापर्यंत आवाज एकसारखा राहतो की नाही, हे रोज ऐकत जा. आकाशवाणीची वरच्या श्रेणीची ऑडिशनही लांबणीवर टाकू नकोस.

आपल्या मराठवाड्यात भजन-कीर्तनामुळे तबला, पखवाज आणि पेटी शिकवणारे गावोगाव भेटतात, पण जिंतूरच्या एखाद्या मुलीला व्हायोलिन शिकायचे झाले तर तिने जायचे कुठे? तू नांदेडला असलीस तर तिची सोय होईल, आणि मला या नोकरीत सर्वांत मोलाचे तेच वाटते. अशा मुलांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना जरूर बसव, पण विशारदपर्यंतचे राग उरकून देण्याची घाई करू नकोस. एकच यमन वर्षभर वाजवू द्यावा लागला तरी चालेल.

वाद्याची काळजी तिथे पुण्यापेक्षा जास्त घ्यावी लागेल. आपल्याकडच्या चाळीस अंशांपुढच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, खुंट्या सैल पडून तारा उतरतात आणि कधी सांधेही उकलतात, तर पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून घट्ट बसतात. छिद्रे पाडलेल्या लहान डबीत ओलसर स्पंज घालून ती वाद्याच्या पेटीत ठेवत जा, आणि तारांखालची घोडी सरळ बसवणे, खुंटीला खडू लावणे ही कामे मुलांनाही पहिल्या वर्षीच शिकव.

होकार कळवण्याआधी दोन गोष्टी विभागप्रमुखांशी स्पष्ट बोलून घे: सकाळी दहाच्या आत तास लावू नयेत आणि कार्यक्रमांसाठी रजा मिळावी. दोन्ही गोष्टी लेखी मिळाल्या तर उत्तम. खोली पाहायला मी आणि आई तुझ्याबरोबर नांदेडला येऊ. शेजाऱ्यांना पहाटेच्या रियाझाचा त्रास होणार नाही अशीच जागा घेऊ.

तुझे
बाबा