बाथरूमचं काम काढतोयस म्हणून

प्रिय संज्या,

तू बाथरूम फोडायला काढतोयस हे कळलं. फोनवर बोललो असतो, पण या विषयावर फोनवर मी नुसता तापतो आणि कामाचं राहून जातं. म्हणून लिहितोय.

आमच्या हॉलची फरशी तुला चांगली माहीत आहे. 1978 सालची मोझॅइक, जिच्यावर आपण सुट्ट्याच्या सुट्ट्या कॅरम खेळलो. तिची पार वाट लागली, आणि गंमत म्हणजे हॉलमध्ये काही काम नव्हतंच. बाथरूममध्ये नव्या टाइल्स बसल्या, त्यांच्यावर वाळलेलं सिमेंट काढायला पोऱ्याने ॲसिड ओतलं, खराट्याने घासलं आणि ते पाणी जाळीकडे न्यायचं सोडून उंबऱ्यावरून बाहेर लोटलं. मोझॅइकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट, दोन्ही ॲसिडचं खाणं. सुमा धावत येईपर्यंत फेस आला होता. संध्याकाळी बाथरूमच्या दारापासून सोफ्यापर्यंत पांढरा पट्टा, हात फिरवला तर पॉलिश पेपर. शिवाय कामगारांचा चढून काम करायचा घोडा ओढत नेल्याचे ओरखडे आणि पॅसेजमध्ये जमिनीवरच माल कालवल्याचा डाग.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, जुनी फरशी आहे. पाणी मारलं की जाईल." ओली असताना गेल्यासारखी दिसते, हे त्याला पक्कं ठाऊक. वाळली की पट्टा परत हजर. मग म्हणाला, "वरून व्हिट्रिफाइड मारून देतो, लेबर माझं." ऐकायला दिलदार वाटतं. पण टाइल माझ्या पैशाची, जमीन अर्धा-पाऊण इंच वर येणार, म्हणजे घरातलं एकेक दार खालून तासायचं, ते कोण करणार?

दोन गोष्टींनी वाचवलं, दोन्ही सुमाच्या. शेवटचा हप्ता काम बघून द्यायचा, हे तिने पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं. आणि कुठलं सामान काढून टाकायचं हे बहिणीला दाखवायला तिने काम सुरू होण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढले होते. त्यात फरशी अशी चकाकत होती की बोलायची सोय नाही. मी आधीचे आणि नंतरचे फोटो त्याला व्हॉट्सॲपवर टाकले आणि खाली लिहिलं: पॉलिशवाला मी आणतो, त्याचं बिल तुमच्या हप्त्यातून वळतं, बाकी पैसे त्याच दिवशी.

यावर कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनी माणसं पाठवायची बंद केली. कमोड बसवायचा राहिला होता. शेजाऱ्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही! शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाचं लिहिलं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 1915 वर फोन करून आधी विचारताही येतं. तारखांचा कंटाळा मलाही होताच, पण ते त्याला कशाला सांगू? शेवटी तो कबूल झाला, तरी माझं मत विचारशील तर तो आयोगाला घाबरला नाही. त्याला पुढचं काम धरायचं होतं आणि पैसा माझ्याकडे अडकला होता.

पॉलिशवाला मात्र हिरा. आधी जाड दगड, मग बारीक, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. राडा भिंतींवर कमरेइतका उडाला, पण हॉल उजळला. बाथरूमच्या दाराशी ॲसिड खोल गेलंय, तिथे पुसल्यावर पाणी साचतं. ते सपाट करायला सगळा हॉल अजून घासावा लागला असता, आणि मोझॅइकचा वरचा थर जाड नसतो. मी नको म्हटलं.

तेव्हा कोटेशनमध्येच लिहून घे: ॲसिड नाही. ग्राउट ओलं असताना स्पंजने पुसलं तर त्याची गरजच पडत नाही. जाण्यायेण्याच्या वाटेवर प्लास्टिक आणि वर पीओपीचा थर. नुसतं प्लास्टिक दुसऱ्या दिवशी फाटतं. माल कालवायला पत्रा त्याचा. यावर तो कुरकुरला तर दुसरा बघ.

कोटेशन आलं की फोटो पाठव, ॲडव्हान्स त्यानंतर. पॉलिशवाल्याला तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, पण त्याची गरज पडली तर मी तुझ्याशी बोलणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या