अकरावीचे कॉलेज बघायला जाताना प्रयोगशाळेतला नळ सोडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत फलक लागतात: 'अकरावी-बारावी सायन्स, सोबत नीट, जेईई, सीईटी, सगळे एकाच छताखाली'. पालक फी विचारतात, बस विचारतात, गेल्या वर्षी किती पोरं मेडिकलला लागली ते विचारतात. प्रयोगशाळा दाखवा, असे मात्र फारसे कुणी म्हणत नाही. त्याबद्दल हे पत्र.

जुन्या पद्धतीत अकरावीला मॅट्रिक व्हायची आणि पोरगं थेट कॉलेजात जायचं. १०+२+३ चा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ मध्ये बारावीची. मधली दोन वर्षे कुठे ठेवायची, याची उत्तरे दोन निघाली. दयानंद (१९४०), संगमेश्वर (१९५३) यांसारख्या जुन्या महाविद्यालयांना कनिष्ठ विभाग जोडले गेले आणि काही हायस्कुलांनी वरचे दोन वर्ग काढले. पुढे २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाने तिसरी वाट मोकळी झाली. अनुदान नाही, सगळा खर्च फीतून. यात गैर काही नाही, चांगल्या चालणाऱ्या अशा संस्था आहेत. पण फीतूनच सगळे भागवायचे म्हटले की पहिली कात्री लागते ती जिथे रोज काचसामान फुटते आणि रसायने संपतात तिथे. त्यात शिकवणीवर्गाशी 'टायअप' असेल तर कॉलेज नावापुरते उरते. पोरगं दिवसभर क्लासमध्ये आणि हजेरीपटावर कॉलेजात. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, तीही कागदावर बरोबर जुळते.

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी गुणविभागणी आहे. सीईटी आणि नीटमध्ये प्रात्यक्षिक नाही, म्हणून ते ३० गुण 'देऊन टाकायचे' असा हिशेब होतो. हे कळायला फार हुशारी लागत नाही. मागच्या वर्षीची चार जर्नल मागा आणि अनुमापनाचे (टायट्रेशनचे, म्हणजे एका द्रावणाला दुसरे किती लागते ते मोजण्याचे) पान उघडा. चारही वह्यांत १०.०, १०.०, १०.० असेच रीडिंग असेल तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. खऱ्या ब्युरेटवर (तोटी असलेल्या मोजनळीवर) ९.८, १०.१, १०.० असेच काहीतरी येते.

हाच प्रयोग घ्या. ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट, खाली शंकुपात्रात १० मिली ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल. ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचे, कारण थंड द्रावणात ही अभिक्रिया रेंगाळते आणि पहिल्या थेंबांचा रंग जाता जात नाही. आम्ल कमी पडले की तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा. मग ओतून पुन्हा सुरुवात. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होते आणि रीडिंग वाढते. ऑक्झॅलिकऐवजी मोहर मीठ (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर उलट गरम करायचेच नाही, फेरसचे हवेनेच फेरिक होते. रंग गडद, म्हणून मेनिस्कसची (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची) वरची कड वाचायची. तोटीत हवेचा बुडबुडा राहिला किंवा वर फनेल तसेच राहिले की रीडिंग गेले. वहीत हे सगळे 'काळजी' या मथळ्याखाली चार ओळींत उतरवलेले असते. ज्याने एकदा तपकिरी झालेले द्रावण बेसिनमध्ये ओतले आहे, त्याला आम्ल का घालायचे ते पुन्हा सांगावे लागत नाही, आणि सीईटीत रेडॉक्सचा (ऑक्सिडेशन-रिडक्शनचा) प्रश्न आला तर तो पाठांतरावर विसंबत नाही.

आपल्या गावाची एक खास अडचण म्हणजे पाणी. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येणार, त्यामुळे प्रयोगशाळेला स्वतंत्र टाकी नसेल तर बेसिन कोरडे. बोअरच्या पाण्याने परीक्षानळ्या विसळल्या की क्षार ओळखताना घोटाळा ठरलेला. त्या पाण्यात क्लोराइड असतेच, सिल्व्हर नायट्रेट टाकले की पांढरा साका दिसतो आणि पोरगं नसलेला क्लोराइड लिहून मोकळे होते. शेवटची विसळणी ऊर्ध्वपातित पाण्यानेच हवी. म्हणून म्हणतो, नळ सोडून बघा. सिल्व्हर नायट्रेटची बाटली तपकिरी काचेची आहे का, वेळापत्रकात प्रात्यक्षिकाला सलग दोन तास आहेत का आणि प्रयोगशाळा सहायक नेमलेला आहे का, हेही बघा.

अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मुलांचे हाल वेगळेच. एसटीचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, ग्रामीण मुलींना तर बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत आहे. पण सकाळी सातची बॅच आणि संध्याकाळची 'डाउट सेशन' यांच्यात बस बसत नाही, मग खोली करून राहणे आणि मेसचा डबा आलाच. तो खर्च फलकावर कुठे नसतो. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला पाच तासांची कमाल मर्यादा आहे, कॉलेजच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत असेही म्हटले आहे. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असेही त्यात आहे. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, म्हणून कॉलेजची आणि क्लासची पावती वेगवेगळी घ्या. एकाच पावतीवर ठोक रक्कम असली की परत मागताना दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

२०२५ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली, त्यात दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. फलक बघून किंवा क्लासवाल्याने सांगितले म्हणून पहिला क्रमांक भरणारे इथेच अडकतात. पसंतीक्रम लॉक करायच्या आधी त्या इमारतीत एकदा जाऊन या, तेही प्रात्यक्षिकाच्या वेळेला.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. प्रवेशाच्या हंगामात जिल्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाची एक ओळ छापावी: अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, सायन्सच्या मंजूर तुकड्या किती, पूर्णवेळ शिक्षक किती, प्रयोगशाळा किती आणि सहायक किती. ही माहिती शिक्षण विभागाकडे असतेच. टॉपरांच्या फोटोंइतकी जागाही त्याला लागणार नाही.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांतील काही निवृत्त विज्ञान शिक्षक,
सोलापूर